सहा महिने पुणे, सहा महिने मुलांकडे: निघण्याआधी कुठली कामं इथेच उरकावीत?

मुळामुठा
निवृत्तीनंतर वर्षातले पाच-सहा महिने मुलांकडे परदेशात काढणारी जोडपी कोथरूड, औंध, सहकारनगर भागात आता सोसायटीगणिक दिसतात. तिकीट, व्हिसा, बॅगांचं वजन यावर भरपूर लिहून झालंय. खरी पंचाईत होते ती मागे राहिलेल्या कामांची. पेन्शन, बँक, महापालिका, सोसायटी, मेडिक्लेम यातलं काहीतरी नेमकं आपण नसताना अडतं, आणि मग तिथल्या मध्यरात्री पुण्यातल्या शाखेला फोन लावत बसावं लागतं.

माझं मत असं, की कामांची वाटणी एकाच कसोटीवर करावी. ज्याला तुमची सही, अंगठा किंवा चेहरा लागतो ते निघण्याआधी पुण्यात. ज्याला फक्त ओटीपी लागतो ते तिथून. कुठल्या बाजूला काय काय येतं ते जाणकारांनी लिहावं. मनात अमेरिका आहे, पण बाकी देशांचे नियमही येऊ द्या.

खजिना_विभाग
सुरुवात पेन्शनपासून. हयातीच्या दाखल्याचे नियम सगळ्यांना सारखे नाहीत, गोंधळ तिथेच होतो.

ईपीएस-९५ (पीएफ खात्याकडून मिळणारी पेन्शन) वाल्यांनी दाखला वर्षातून कधीही द्यावा, तो दिल्यापासून १२ महिने चालतो. म्हणजे मार्चमध्ये निघायचं असेल तर फेब्रुवारीत देऊन मोकळं व्हा. केंद्र सरकारच्या निवृत्तांचा महिना नोव्हेंबर, ८० वर्षांवरच्यांना मात्र १ ऑक्टोबरपासून देता येतो. राज्य सरकारच्या निवृत्तांनी नोव्हेंबरात बँकेत कोषागाराच्या यादीवर नावापुढे सही करायची असते, किंवा जीवन प्रमाण या सरकारी सेवेवरून डिजिटल दाखला द्यायचा.

नोव्हेंबरात परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीत दाखला मिळतो. छापील फॉर्म इथून घेऊन जा, त्यावर पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि शाखेचा पत्ता आधीच भरून ठेवा. मूळ कागद कुरिअरने शाखेत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच कामाला लागावं. दाखला उशिरा गेला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला पोहोचला की थकबाकी मिळते.

वेदवती
जीवन प्रमाणचं चेहऱ्याने होणारं काम घरी फोनवर होतं, पण दोन अ‍ॅप लागतात: एक आधार फेस आरडी आणि दुसरं जीवन प्रमाण. पहिलं इन्स्टॉल केल्यावर स्क्रीनवर त्याचं चिन्ह दिसत नाही, ते मागे चालतं. लोकांना वाटतं इन्स्टॉलच झालं नाही. चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, मागे खिडकी नको, चष्मा काढा आणि डोळ्यांची उघडझाप करा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लगेच हे करायला बसू नका.

शेवटी प्रमाण आयडीचा मेसेज येतो. तो आला म्हणजे दाखला तयार झाला एवढंच. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाने तो स्वीकारला का, हे जीवन प्रमाणच्या साइटवर वेगळं बघावं लागतं. पीपीओचा एक आकडा चुकला तरी तो नाकारला जातो.

हिशेबनीस
खजिना_विभाग यांना अनुमोदन. मी आयकराचं लिहितो.

पेठेतला_पाहुणा
त्यात काय एवढं? १८२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की माणूस एनआरआय. मग इथलं खातं बदलायचं, विषय संपला.

हिशेबनीस
पेठेतला_पाहुणा, नेमका हाच समज महागात पडतो. आयकरात रहिवासी ठरायला दोन वाटा आहेत. आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात, ही एक. दुसरी: त्या वर्षी किमान ६० दिवस भारतात आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात. मुलांकडे सात महिने राहून आलेले आजी-आजोबा पहिल्या वाटेने सुटले तरी दुसऱ्या वाटेने रहिवासीच राहतात. ६० दिवसांच्या अटीतून सूट आहे ती परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्याला, किंवा मुळात बाहेर राहून भारतात भेटीला येणाऱ्याला. पुण्यात घर असून मुलांकडे भेटीला जाणारा यात बसत नाही.

हे बहुतेकांच्या सोयीचंच आहे. रहिवासी असाल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना उघडता येते, ठेवीवर टीडीएस कापू नये म्हणून एप्रिलमध्ये द्यायचा फॉर्म चालतो. उगाच बँकेत जाऊन 'मी एनआरआय झालो' सांगितलंत तर हे दोन्ही गेलं आणि टीडीएस सुरू झाला.

खात्याचा प्रश्न आणखी वेगळा. तो आयकर कायद्याखाली येत नाही, फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली येतो. तिथे दिवसांपेक्षा हेतू बघतात. व्हिजिटर व्हिसावर जाऊन परत येणाऱ्याचं साधं बचत खाते साधंच राहतं. ग्रीन कार्ड घेऊन कायमचं राहायला गेलात तर मात्र ते एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करायला हवं.

मुळामुठा
हे फार उपयोगी आहे. मग अमेरिकेच्या बाजूने दिवसांचा हिशेब लागतो का? व्हिजिटरला तिथे कर कशाचा, असं सगळे म्हणतात.

हिशेबनीस
लागतो, आणि बी-२ (भेटीचा व्हिसा) वाल्यांनाही लागतो. तिथे कॅलेंडर वर्ष धरतात. चालू वर्षाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याआधीच्या वर्षीचा सहावा हिस्सा. बेरीज १८३ झाली (आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस असले) की त्यांच्या करकायद्याने तुम्ही रहिवासी. दरवर्षी १८० दिवस राहणाऱ्याची बेरीज १८० + ६० + ३० = २७० होते. दरवर्षी सरासरी १२१ दिवसांच्या आत राहिलात तर प्रश्नच येत नाही.

त्यावर उतारा आहे: फॉर्म ८८४०. तुमचं घर, कुटुंब, बँका, मतदान सगळं भारतात आहे, म्हणून तुमचे जवळचे संबंध भारताशी आहेत, असं त्यात मांडायचं. पगार नसलेल्यांनी तो पुढच्या वर्षी १५ जूनपर्यंत टपालाने पाठवावा. दोन अटी आहेत. त्या कॅलेंडर वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी हवेत, आणि ग्रीन कार्डचा अर्ज केलेला नसावा.

आता बोटांवर मोजा. १ एप्रिलला उतरून ३० सप्टेंबरला निघालात तर ३० + ३१ + ३० + ३१ + ३१ + ३० = १८३. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरतात. म्हणजे पुण्याचा उन्हाळा टाळून मुदतीच्या शेवटच्या दिवशी परतणारा माणूस एका दिवसाने ही सवलत गमावतो. परतीचं तिकीट आठवडाभर आधीचं काढा.

सिंहगड_पायथा
मुदतीचा विषय निघालाच आहे तर: व्हिसा १० वर्षांचा असतो, राहायची परवानगी १० वर्षांची नसते. ती विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सरकारी साइटवरून आय-९४ काढून प्रिंट घ्या, नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारीख तपासा. पती-पत्नीला वेगवेगळी तारीख मिळू शकते.

मुदत वाढवायची तर आय-५३९ अर्ज मुदत संपण्याआधी जायला हवा, ४५ दिवस आधी दिलेला बरा. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त थांबून निघालं तर ३ वर्षं बंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबलं तर १० वर्षं. आणि दरवर्षी काटेकोर सहा महिने तिकडे असा क्रम बसवलात तर अधिकारी प्रश्न विचारणारच, कारण बी-२ हा भेटीचा व्हिसा आहे, बिऱ्हाडाचा नाही.

ग्रीन कार्डवाल्यांची अडचण उलटी. ते पुण्यात किती राहिले हे मोजलं जातं. १८० दिवसांवर बाहेर राहिलात तर परतताना चौकशी होते, वर्षावर गेलात तर नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत. जास्त राहायचं असेल तर रीएन्ट्री परमिट (परत आत येण्याचा परवाना), आणि त्याचा अर्ज तुम्ही अमेरिकेत असतानाच करावा लागतो. पुण्यात येऊन तो करता येत नाही.

टोरांटोची_मावशी
कॅनडाचा सुपर व्हिसा (तिथे राहणाऱ्यांच्या आई-वडिलांसाठीचा) या बाबतीत सोपा. जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर ५ वर्षांपर्यंत राहता येतं. अट अशी, की किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा वैद्यकीय विमा, किमान वर्षभराचा, अर्जासोबतच दाखवावा लागतो. मुलाच्या उत्पन्नाचीही अट असते आणि ती घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरते, तुम्हा दोघांना धरून.

मेलबर्नकर
ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी व्हिसाच्या पत्रात ८५०३ हा आकडा आहे का बघावा. असेल तर तिथे बसून मुदत वाढवता येत नाही, परत यावंच लागतं. इंग्लंडला व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा घेतलात तरी एका भेटीत सहा महिन्यांच्या वर नाही.

शेजारीण_आजी
व्हिसाचं समजलं. आता फ्लॅटचं कोण सांगणार? कुलूप लावून जायचं म्हटलं की सोसायटीचे लोक 'नॉन-ऑक्युपन्सी' लावतो म्हणतात.

चेअरमन_पदसिद्ध
आजी, ते लावता येत नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज फ्लॅट भाड्याने दिला तरच, आणि तोही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. बंद फ्लॅटला नाही, जवळचं नातेवाईक राहत असेल तरी नाही. लेखी अर्ज करून आदेशाचा दाखला द्या.

सोसायटीचा मेंटेनन्स आगाऊ भरून पावती घ्या. सेक्रेटरींकडे तुमचा ईमेल लेखी नोंदवून ठेवा, नाहीतर सभेची नोटीस बंद दाराला चिकटते आणि तुम्हाला कळतही नाही. रीडेव्हलपमेंटची चर्चा असेल तर हे अगदी महत्त्वाचं.

मुळामुठा
रीडेव्हलपमेंटच्या करारावर सह्या करायची वेळ आपण नसताना आली तर? कुलमुखत्यारपत्र परदेशातून करता येतं ना?

चेअरमन_पदसिद्ध
येतं, पण इथून करून जाणं शंभर पटीने सोपं. पुण्यात असताना ५०० रुपयांच्या स्टँपवर, दुय्यम निबंधकासमोर दोघांनी सही-अंगठा-फोटो देऊन नोंदवून ठेवा. एका दिवसाचं काम आहे.

परदेशातून करायचं तर एक वाट म्हणजे भारतीय वकिलातीत साक्षांकन. दुसरी म्हणजे तिथल्या नोटरीसमोर सही आणि मग त्या राज्याच्या कार्यालयाचं अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात चालणारं प्रमाणीकरण. मूळ कागद पुण्यात पोहोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायलाच हवं. लोक इथे चुकतात: कागद येतो, कपाटात पडून राहतो आणि चौथ्या महिन्यात आठवण होते. पाकिटासह पोहोचल्याची तारीख जपून ठेवा.

मजकूर 'माझी सर्व कामे' असा मोघम नको. फ्लॅट क्रमांक, सोसायटीचं नाव, नेमकं काय करायचा अधिकार (करारनाम्यावर सही, नोंदणीला हजर राहणं, ताबा देणं-घेणं) आणि विक्रीचा अधिकार नसेल तर तसं स्पष्ट वाक्य. बँकेसाठी वेगळा कागद करा, बँका स्वतःच्या नमुन्याचा आग्रह धरतात.

सातवा_मजला
चेअरमन, थोडा मतभेद. बँकेसाठी मुखत्यारपत्राच्या मागे लागण्यापेक्षा खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीने संयुक्त करणं आणि वारस नोंदणी बघून घेणं पुरतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार वारस नोंदवता येतात, टक्केवारीनेही. लॉकरला चार चालतात, पण एकामागून एक अशा क्रमाने. निघण्याआधी केवायसीची तारीखही विचारा. ती उलटून गेली तर खात्यावर बंधनं येतात.

चेअरमन_पदसिद्ध
बँकेपुरतं मान्य. फ्लॅटला ते लागू नाही.

ओटीपी_आला_का
धागाकर्त्यांची कसोटी ओटीपीवर उभी आहे आणि ओटीपी सिमवर उभा आहे, म्हणून हे नीट वाचा.

भारतीय सिम फोनमधून काढू नका. तिथलं सिम ई-सिम घ्या किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग पुण्यातूनच चालू करा आणि त्या सिमचा डेटा बंद ठेवा, म्हणजे बिल चढत नाही. रोमिंगवर येणाऱ्या मेसेजला साधारणपणे पैसे पडत नाहीत, उचललेल्या फोनला पडतात. प्रीपेड असेल तर निघण्याआधी लांब मुदतीचा रिचार्ज मारा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असली तर तेवढे कापून तो ३० दिवस जपला जातो, पण त्या भरवशावर सहा महिने काढू नयेत.

यूपीआयची वेगळी खोच आहे. अ‍ॅप नव्या फोनमध्ये टाकलं की ते भारतीय सिमवरून एक मेसेज पाठवतं, आणि परदेशातून तो बऱ्याचदा जात नाही. मुलाने वाढदिवसाला नवा फोन दिला तर आनंदाने घ्या, पण यूपीआय आणि बँकेचं अ‍ॅप जुन्याच फोनमध्ये राहू द्या. डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशी वापर बंद असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावा लागतो. आणि काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात. ती सोय शाखेत आधीच लावून घ्या.

शेजारीण_आजी
आधारला जोडलेला नंबर आणि बँकेतला नंबर एकच आहे का, हेही तपासा म्हणावं. बऱ्याच घरांत आजोबांच्या आधारला मुलाचा जुना नंबर असतो.

ओटीपी_आला_का
आजी, लाख मोलाचं बोललात. रिटर्नची पडताळणी तिथेच अडते. ३१ जुलैच्या आत रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी लागते, आणि ती आधार ओटीपीने किंवा नेटबँकिंगने होते.

नळदुरुस्ती
घराचं बारीकसारीक, कारण इथे कोणी लिहिलं नाही.

पाण्याचा मुख्य कॉक बंद करून सगळे नळ एकदा उघडून पाइप रिकामे करा. गीझरचं बटण बंद, फ्रिज रिकामा करून पुसून दार बोटभर उघडं ठेवायचं, नाहीतर आत बुरशी धरते. मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधलं आणि कमोडमधलं पाणी दोन महिन्यांत वाळतं आणि तिथून झुरळं आणि गटाराचा वास येतो. शेवटच्या दिवशी दोन्हींत पाव वाटी गोडेतेल ओता. तेलाचा थर पाण्यावर बसतो आणि वाफ होऊ देत नाही. नहाणीवर जाळीऐवजी सपाट स्टीलचं झाकण ठेवून कडेने चिकटपट्टी लावा.

कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करा. पावसाचं पाणी साठून डासांच्या अळ्या झाल्या तर महापालिकेची नोटीस येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून इन्व्हर्टर बंद करा. गाडीच्या बॅटरीची ऋण वायर सोडवा, हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला विटा लावा. महिनोन् महिने ओढलेला हँडब्रेक पावसाळ्यात चिकटून बसतो.

किल्ली शेजाऱ्यांकडे द्याल, पण तेही त्याच महिन्यांत मुलांकडे जाणार नाहीत ना, ते आधी विचारा.

वीजबिल_वेळेवर
नळदुरुस्ती, मेन स्विच बंद केला तरी महावितरणचा स्थिर आकार लागतोच, तेव्हा आगाऊ रक्कम भरून ठेवावी. मीटर कुलपाआड असेल आणि रीडिंग मिळालं नाही तर सरासरी बिल येतं. रीडिंगचा फोटो अ‍ॅपवर पाठवायला शेजाऱ्यांना शिकवा. पाइप गॅसचा मीटर ओट्याखाली असेल तर त्याचंही तसंच. निघताना शेगडीचा नाही, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा.

करदाता_पुणे
मिळकतकर: बिलं एप्रिल-मेमध्ये निघतात, लवकर भरणाऱ्याला सवलत मिळते आणि नंतर महिन्याला २ टक्के शास्ती. भरणं ऑनलाइन होतं, ते तिथूनही करता येईल. पण स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत बिलात दिसते का ते पुण्यात असतानाच बघा. नसेल तर पीटी-३ अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, सोबत सोसायटीचं पत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा. बंद घर दिसलं म्हणून सवलत गेली असेल तर हाच अर्ज.

औषधांची_डबी
औषधांचं राहिलं. अमेरिकेत ९० दिवसांपर्यंतचा साठा नेण्याचा संकेत आहे. मूळ पट्ट्यांमध्ये न्या, गोळ्या सोलून डबीत भरू नका. डॉक्टरांचं पत्र हवं आणि त्यात ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव हवं, कारण तिथला फार्मासिस्ट आपले ब्रँड ओळखत नाही. नावंही बदलतात: आपलं पॅरासिटामोल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम ही नियंत्रित औषधं आहेत, पत्राशिवाय नेऊच नका. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, सामानात टाकलं तर गोठून निकामी होऊ शकतं.

कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात साखरेचा आकडा वेगळ्या एककात येतो. त्याला १८ ने गुणा. ७ म्हणजे आपले १२६. रिपोर्टवर ७ बघून घाबरू नका आणि १२ बघून निर्धास्तही राहू नका.

विम्याचंही सांगते. भेटीचा विमा घेताना 'फिक्स्ड बेनिफिट' टाळा, त्यात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कमच मिळते आणि बाकीचं बिल मुलांच्या गळ्यात. जुन्या आजारासाठी 'अचानक उद्भवलेला त्रास' एवढंच कव्हर असतं, नियमित तपासणी नाही. म्हणून दात, डोळे, ईसीजी, रक्त सगळं पुण्यात करून निघा. आणि इथला मेडिक्लेम चालूच ठेवा. नूतनीकरण चुकलं तर ३० दिवसांची सवलत असते, पण हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांत कव्हर नसतं.

पेठेतला_पाहुणा
हिशेबनीस, वरचं पुन्हा वाचलं, आता पटलं. एक राहिलं: गोडा मसाला, मेतकूट, कढीपत्ता?

औषधांची_डबी
मसाला, मेतकूट बंद पाकिटात आणि फॉर्मवर जाहीर करून. ताजा कढीपत्ता नाही, आंबा नाही. कढीपत्त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग पसरवणारी कीड जाते, म्हणून बंदी आहे.

मुळामुठा
सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. वर आलेल्या तारखा एकत्र ठेवल्या तर अमेरिकेसाठी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघून सप्टेंबरअखेर परतणं सोयीचं दिसतं. टीडीएसचा फॉर्म देऊन निघता येतं, मिळकतकर आणि रिटर्न तिथून, हयातीचा दाखला नोव्हेंबरात इथे. त्या वर्षातले दिवसही १८३ च्या आत राहतात, म्हणजे फॉर्म ८८४० ची सवलत टिकते. कोणाला यात भोक दिसतंय का?

खजिना_विभाग
एकच. मेडिक्लेमची तारीख जून-जुलैत येत असेल तर बँकेत ई-मँडेट (हप्ता आपोआप कापायची परवानगी) आत्ताच लावा. विम्याच्या हप्त्याला १ लाखापर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. त्यावरची रक्कम असेल तर मात्र त्या दिवशी फोन जवळ हवा.

ओटीपी_आला_का
आणि सिम त्यात घातलेलं हवं.